साबुदाणा भिजला, लेबलचं काय?

मंडळी, आजच्या विषयाचं नाव आधी सांगितलं तर अर्धे वाचक पळतील. म्हणून आधी स्वयंपाकघरात जाऊ.

दुकानातून साबुदाण्याचं पाकीट आणलं. त्यावर लेबल आहे: 'सुका. वजन ५०० ग्रॅम. वापरण्याआधी भिजवा.' घरात एक अतिउत्साही माणूस आहे (प्रत्येक घरात असतोच!). त्याने तुम्ही उठायच्या आत साबुदाणा भिजवला, पातेल्यात काढला आणि पाकिटावरचं लेबल सोलून पातेल्याला चिकटवलं. आता आत फुगलेला साबुदाणा आणि बाहेर लिहिलंय 'सुका, ५०० ग्रॅम, भिजवा'. नंतर येणारा माणूस लेबलवर विश्वास ठेवून पुन्हा पाणी घालणार. खिचडीऐवजी खळ!

बरं, मग लेबल फेकून द्यायचं? दिलं फेकून. आता दुकानदाराने खरंच ५०० ग्रॅम दिला होता का, हे कशावरून तपासणार?

वेबवरून काहीही आणणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमपुढे हाच पेच आहे. सर्व्हर पान दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून पाठवतो. सोबत हेडर नावाच्या चिठ्ठ्या येतात. 'कंटेंट-एन्कोडिंग' सांगतं की माल जीझिपने दाबलाय, 'कंटेंट-लेंग्थ' सांगतं की किती बाइट्स आहेत. तुमच्या प्रोग्रॅममधली एचटीटीपी लायब्ररी न सांगता तो माल उलगडून तुमच्या हातात देते. काम झालं. पण त्या दोन चिठ्ठ्या? त्या अजून दाबलेल्या मालाबद्दलच बोलतायत.

हा प्रश्न आला कुठून, त्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. (आणि आपली डेटा गायब होण्याची बरीच प्रकरणं इथूनच निघतात, म्हणून कामाचाही आहे.)

दाबण्याची विद्या

१९७७ साली इस्राएलच्या टेक्नियन संस्थेतल्या जेकब झिव्ह आणि अब्राहम लेंपेल या जोडीने एक शोधनिबंध लिहिला. कल्पना साधी: मजकुरात तोच तुकडा पुन्हा आला की तो परत लिहू नका, 'इतकी अक्षरं मागे जा आणि इतकी उचला' एवढंच लिहा. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरी पद्धत मांडली, आणि १९८४ मध्ये टेरी वेल्च यांनी ती सुधारून एलझेडडब्ल्यू बनवली. युनिक्सचा 'कॉम्प्रेस' प्रोग्रॅम त्यावरच चालायचा. पण एलझेडडब्ल्यूवर युनिसिस कंपनीचं पेटंट होतं. म्हणजे रोजच्या वापरातलं हत्यार, आणि त्याच्या डोक्यावर टांगती तलवार!

मग पेटंटची कटकट नसलेला पर्याय म्हणून ज्याँ-लू गेयी आणि मार्क अ‍ॅडलर यांनी जीझिप लिहिलं. पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९२ मध्ये आली. आत वापरलेली डिफ्लेट पद्धत पीकेझिपवाल्या फिल कॅट्झ यांची, म्हणजे झिव्ह-लेंपेलची १९७७ची कल्पना अधिक हफमन कोडिंग. १९९५ मध्ये याच जोडीची झेडलिब लायब्ररी आली आणि मे १९९६ मध्ये झेडलिब, डिफ्लेट, जीझिप या तिघांची लेखी मानकं निघाली: आरएफसी १९५०, १९५१ आणि १९५२. त्याच महिन्यात एचटीटीपी १.० चं आरएफसी १९४५ सुद्धा निघालं. दोन पाहुणे एकाच दारात एकाच वेळी, असं म्हणा ना.

दोन लेबलं, दोन अर्थ

आता नीट लक्ष द्या, पुढचा सगळा गोंधळ इथे आहे.

एचटीटीपीने हेडरची कल्पना ईमेलच्या माइम मानकावरून उचलली. १.० मध्ये कंटेंट-एन्कोडिंग होतं. त्याचा हेतू असा, की एखादा दस्तऐवज दाबलेल्या रूपातच ठेवलेला असला तरी त्याची मूळ ओळख हरवू नये. म्हणजे 'हे एचटीएमएल आहे, फक्त जीझिपमध्ये गुंडाळलेलं.' हे मालाचं वर्णन झालं. रस्त्यातल्या कुणी त्याला हात लावायचा नाही.

जानेवारी १९९७ च्या एचटीटीपी १.१ मध्ये, म्हणजे आरएफसी २०६८ मध्ये, दुसरं लेबल आलं: ट्रान्सफर-एन्कोडिंग. हे प्रवासाचं वर्णन. एका थांब्यापासून पुढच्या थांब्यापर्यंत माल कसा बांधलाय तेवढंच ते सांगतं. पोचला की बांधणी सोडायची आणि ते लेबल टाकून द्यायचं. माल मुळात जसा होता तसाच. पुढे जून १९९९ च्या आरएफसी २६१६ ने या बांधणीच्या यादीत जीझिपही घातलं.

तुम्हीच सांगा, 'नेटवर्कवर बाइट्स वाचवायचे म्हणून जाता जाता दाबलं' याला कुठलं लेबल शोभतं? उघड आहे, दुसरं. ते वापरलं असतं तर साबुदाण्याचा प्रश्न उद्भवलाच नसता. बांधणी सुटली, तिचं लेबल गेलं, आत मूळ मालाची लेबलं शाबूत.

पण वेबने वापरलं पहिलं!

कारण घाई. १९९७ साली हेन्रिक फ्रिस्टिक नील्सन, जिम गेटिस आणि सहकाऱ्यांनी एचटीटीपी १.१ च्या वेगाचा अभ्यास सिगकॉम परिषदेत मांडला. चाचणीसाठी त्यांनी नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्टची मुखपृष्ठं एकत्र करून 'मायक्रोस्केप' नावाचं पान बनवलं (विनोदबुद्धी बघा). त्याचं ४२ केबीचं एचटीएमएल दाबल्यावर ११ केबी झालं. २८.८ च्या मोडेमवर, मोडेमचं स्वतःचं कॉम्प्रेशन बाजूला ठेवलं, तर ढोबळ हिशेबाने बारा सेकंदांचे तीन सेकंद. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला मुंबईसह चार महानगरांत इंटरनेट सुरू केलं, त्या काळातलं मोडेमचं किर्र किर्र ज्यांनी ऐकलंय त्यांना नऊ सेकंदांची किंमत वेगळी सांगायला नको.

हा फायदा कंटेंट-एन्कोडिंगने लगेच मिळत होता. ब्राउझरने 'अ‍ॅक्सेप्ट-एन्कोडिंग: जीझिप' म्हणायचं, सर्व्हरने आधीच दाबून ठेवलेली फाइल द्यायची, संपलं. मधल्या प्रॉक्सीला काही कळायची गरज नाही. ट्रान्सफर-एन्कोडिंगमध्ये मात्र वाटेवरच्या प्रत्येक टप्प्याला नवी भाषा शिकणं भाग होतं. मग मालाचं लेबल प्रवासासाठी वापरायची वहिवाट पडली आणि रुळली. २००० मध्ये अपाचीसाठी मॉड-जीझिप आलं, पाठोपाठ अपाची २.० बरोबर मॉड-डिफ्लेट. सर्व्हर आता जाता जाता दाबू लागले.

गोंधळ पहिला: ब्राउझर

पहिली ठेच लागली डाउनलोडच्या फाइलींना. 'अमुक.टार.जीझेड' अशी फाइल म्हणजे खरोखरच दाबलेली वस्तू, ती तशीच हवी असते. पण अपाची सर्व्हर तिच्यावर कंटेंट-एन्कोडिंग लावायचे. ब्राउझर इमानदारीत ती उलगडायचा आणि नाव मात्र .जीझेडच ठेवायचा. मग जीझिप म्हणणार, ही माझी फाइल नाहीच! फायरफॉक्सच्या कोडमध्ये यावर खास इलाज आहे: फाइलचा प्रकारही जीझिप आणि एन्कोडिंगही जीझिप असं दोन्ही आलं, तर एन्कोडिंगचं हेडर खोटं समजून सोडून द्यायचं.

दुसरी ठेच 'डिफ्लेट' या शब्दाची. एचटीटीपीत डिफ्लेट म्हणजे झेडलिबच्या वेष्टणातलं डिफ्लेट. काही सर्व्हरनी मात्र शब्दशः अर्थ घेऊन बिनवेष्टणाचं डिफ्लेट पाठवलं. शेवटी ब्राउझर दोन्ही चाखून बघायला शिकले आणि बाकी जगाने मुकाट्याने जीझिप धरलं. नेटस्केप ४ ची तऱ्हा तर अशी, की मॉड-डिफ्लेटच्या कागदपत्रांत त्याच्यासाठी वेगळ्या ओळी होत्या: ४ ला फक्त एचटीएमएल दाबून द्या, आणि ४.०६ ते ४.०८ ला काहीच देऊ नका.

तिसरी ठेच ई-टॅगची. ई-टॅग म्हणजे त्या नेमक्या बाइट्सचा ठसा. दाबलेलं आणि न दाबलेलं ही दोन वेगळी रूपं, म्हणून ठसेही वेगळे हवेत. मॉड-डिफ्लेट सुरुवातीला एकच ठसा दोघांना द्यायचं. मग टॅगच्या शेवटी '-जीझिप' जोडायला लागलं. तर ब्राउझरने तोच टॅग घेऊन 'पान बदललंय का?' विचारलं की सर्व्हर स्वतःचंच शेपूट ओळखेना, आणि अख्खं पान परत पाठवी. एनजिनएक्सने २०१४ मध्ये वेगळी वाट धरली: दाबताना पक्का टॅग 'कच्चा' करून टाकायचा, म्हणजे 'अर्थ तोच, बाइट्सची हमी नाही'.

हे सगळं कशामुळे? मालाचं लेबल प्रवासाला वापरल्यामुळे. बदल प्रवासात होतो आणि हिशेब मालाच्या खात्यावर लागतो.

गोंधळ दुसरा: लायब्ररी

ब्राउझर थोडे होते, त्यांनी आपापसात निभावलं. लायब्ररी शेकड्याने होत्या. आणि मानक त्यांच्याबद्दल गप्प! वायरवर काय असावं हे आरएफसी सांगतं. उलगडल्यानंतर प्रोग्रॅमरला कुठली हेडर्स दाखवावी, हा वायरच्या बाहेरचा मामला. मग ज्याने त्याने आपली अक्कल चालवली. ढोबळमानाने चार घराणी तयार झाली.

पहिलं घराणं, 'मी हात लावणार नाही, तू सांग'. पर्लची एलडब्ल्यूपी बघा. 'कंटेंट' मागा, जसं आलं तसं मिळेल. 'डिकोडेड-कंटेंट' मागा, उलगडलेलं मिळेल. हेडर जसंच्या तसं. टायपिंग थोडं जास्त, पण फसवणूक नाही.

दुसरं घराणं, 'माल उलगडतो, लेबल तसंच ठेवतो'. कर्लने ऑक्टोबर २००२ मध्ये ७.१० या आवृत्तीत ही सोय दिली. त्याचं मॅन्युअल आता स्पष्ट बजावतं, की हेडर्स बदलली जात नाहीत, त्यामुळे नंतर कुणी ती वाचली तर माल अजून दाबलेलाच आहे असा समज होऊ शकतो. पायथॉनचं रिक्वेस्ट्स आणि ब्राउझरमधलं फेचही याच घराण्यातलं.

तिसरं घराणं, 'माल उलगडला की लेबल फाडतो'. गो भाषेची मानक लायब्ररी, अँड्रॉइडवाल्यांचं ओके-एचटीटीपी आणि जावाचं अपाची एचटीटीपी-क्लायंट यातले. एन्कोडिंग आणि लेंग्थ दोन्ही गायब. अपाचीचं क्लायंट तर कंटेंट-एमडी५ सुद्धा काढतं, कारण तो ठसाही दाबलेल्या बाइट्सचा. रुबीच्या नेट-एचटीटीपीने अर्धंच लेबल फाडलं होतं: एन्कोडिंग काढलं, लेंग्थ जुनीच ठेवली. म्हणजे 'भिजलेला साबुदाणा, ५०० ग्रॅम'. ते २०२२ मध्ये दुरुस्त झालं, आता तिथे उलगडलेल्या मालाचं वजन येतं.

चौथं घराणं माझं आवडतं. जो ग्रेगोरिओ यांच्या पायथॉनमधल्या एचटीटीपीलिब२ ने लेंग्थ नव्या मापाची लिहिली, एन्कोडिंग काढलं, पण फेकलं नाही. पुढे एक आडवी रेघ जोडून '-कंटेंट-एन्कोडिंग' या नावाने बाजूला ठेवलं. कुणाची दिशाभूल नाही आणि इतिहासही शाबूत.

गो वाल्यांनाही हे उशिरा पटलं. ऑगस्ट २०१६ च्या १.७ आवृत्तीत त्यांनी उत्तरात एक नवं खातं जोडलं, 'अनकॉम्प्रेस्ड' नावाचं. खरं असेल तर समजायचं, की पाकीट मी फोडलंय, लांबी म्हणून मी -१ देतोय आणि ती दोन हेडर्स मी काढलीत. एका बिटची कबुली, पण किती कामाची!

गो आणि ओके-एचटीटीपी आणखी एक शहाणा नियम पाळतात: ज्याने मागितलं त्याने उलगडायचं. जीझिपची मागणी लायब्ररीने स्वतःहून घातली असेल तर ती उलगडेल. तुम्ही स्वतः अ‍ॅक्सेप्ट-एन्कोडिंग लिहिलंत, तर कच्चा माल तुमच्या हातात, निस्तरा! आणि फाइलचा मधलाच तुकडा मागितलात तर त्या जीझिप आपणहून मागतच नाहीत, कारण दाबलेल्या फाइलचा मधला तुकडा एकटा उलगडता येत नाही.

यात आपलं काय जातं?

बरंच काही.

अँड्रॉइड २.३ म्हणजे जिंजरब्रेड डिसेंबर २०१० मध्ये आलं आणि त्याची एचटीटीपी सोय आपणहून जीझिप मागू लागली. ज्या अ‍ॅपनी कंटेंट-लेंग्थ बघून तेवढाच डबा तयार ठेवला होता, त्यांच्या डब्यात उलगडलेला माल मावणार कसा? २०११ मध्ये अँड्रॉइडच्या टीमला लिहून सांगावं लागलं, की तो आकडा दाबलेल्या मालाचा आहे, त्यावर डबा मापू नका, प्रवाह संपेपर्यंत वाचा. प्रोग्रेस बारचंही तेच: भागाकार करताना वर उलगडलेले बाइट्स आणि खाली दाबलेले, की गाडी शंभर टक्क्यांच्या पुढे.

उलट बाजू जास्त धोकादायक. कनेक्शन मध्येच तुटलं आणि अर्धंच उत्तर आलं, तर ते ओळखायची एक मुख्य खूण म्हणजे लेंग्थ. लायब्ररीने ती फाडली तर तपासायची जबाबदारी तिचीच. पायथॉनच्या युआरएललिब३ ने ही तपासणी आपोआप चालू केली ती २०२३ मध्ये, २.० आवृत्तीत. त्याआधी तुटका डेटा गुपचूप 'यशस्वी' म्हणून हातात पडू शकत होता. लोक मग स्वतः तपासायचे, मिळालेल्या मजकुराची लांबी आणि हेडरमधला आकडा जुळवून. जीझिप आलं की ती जुळणी खोटा आरडाओरडा करणार, आणि वैतागून कुणीतरी ती ओळच काढून टाकणार. आग लागल्यावर घंटा वाजायला हवी, पण रोज फोडणीला वाजते म्हणून तिची वायर कापलेली!

तिसरा प्रकार आजकाल फार दिसतो. आपली सेवा दुसऱ्या सेवेकडून उत्तर आणते आणि हेडर्ससकट पुढे ढकलते. आणणारी लायब्ररी दुसऱ्या घराण्यातली असेल तर पुढे जातो उलगडलेला माल आणि 'जीझिप'ची चिठ्ठी. ब्राउझर उलगडायला जातो आणि पांढऱ्या पानावर डिकोडिंगची चूक दाखवतो. यात मूळ सर्व्हर बरोबर, लायब्ररी तिच्या नियमाने बरोबर, ब्राउझरही बरोबर. चूक हस्तांतरात.

आणि चौथा, सुरक्षेचा. डिफ्लेटमध्ये मालाचा आकार जास्तीत जास्त सुमारे १०३२ पट कमी होऊ शकतो. म्हणजे '१० एमबीपेक्षा मोठं उत्तर नको' असा नियम हेडरमधल्या आकड्यावर लावलात, तर दारातून १० एमबी आत येतील आणि घरात १० जीबी फुगतील. मर्यादा लावायची ती उलगडून बाहेर पडणाऱ्या बाइट्सवर.

परतीची वाट बंद

मग ट्रान्सफर-एन्कोडिंग आता वापरू या की! नाही जमणार. मे २०१५ मध्ये आलेल्या एचटीटीपी २ ने ते हेडरच बाद केलं. ब्रॉटली २०१६ मध्ये आली, झेडस्टँडर्ड २०१८ मध्ये. दोघीही कंटेंट-एन्कोडिंगच्याच खुर्चीत बसल्या. जून २०२२ चं आरएफसी ९११० हेडरचे अर्थ अधिक नेमके करतं, पण मुळातली वहिवाट तीच. फेब्रुवारी २०२४ च्या आरएफसी ९५३० मध्ये मजकुराचा ठसा पाठवायला दोन नवी हेडर्स आली, आणि दोन्ही ठसे एन्कोडिंगसकट असलेल्या बाइट्सचे. म्हणजे लायब्ररीने गुपचूप उलगडलेल्या मजकुरावर ते ताडून बघता येणारच नाहीत.

थोडक्यात काय, तर १९९७ च्या सुमाराला नऊ सेकंद वाचवायला घेतलेलं हे कर्ज आहे, आणि त्याचे हप्ते प्रत्येक लायब्ररी आजही भरते. मी त्यांना दोष देणार नाही. त्या काळी ते नऊ सेकंद खरंच मोलाचे होते, आणि शुद्ध मार्गाची वाट बघत बसलो असतो तर बहुधा आजही बघत असतो.

फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा. हेडर म्हणजे तुमच्या हातातल्या वस्तूचं वर्णन नाही; पाठवणाऱ्याने वायरवर काय ठेवलं त्याची ती साक्ष आहे. साक्षीत खाडाखोड करायची तर तसं सांगून करावी, आणि साक्ष जशीच्या तशी ठेवायची तर माल बदललाय हे सांगावं. चांगल्या लायब्ररी यातलं एक तरी करतात. पायथॉनचं एचटीटीपीएक्स तर वायरवरून किती बाइट्स उतरले याचा वेगळा आकडाच देतं, म्हणजे प्रोग्रेस बारवाले सुखी.

सोमवारी ऑफिसात गेलात की एवढं करून बघा. तुमच्या कोडमध्ये कंटेंट-लेंग्थ हा शब्द शोधा. जिथे सापडेल तिथे विचारा: हा आकडा कुठल्या मालाचा, आणि ही ओळ चालते तेव्हा माझ्या हातात कुठला माल असतो? दोन उत्तरं वेगळी आली तर तिथे एक बग शांतपणे झोपलाय. सर्व्हरवाल्यांनी एखाद्या दिवशी जीझिप चालू केलं की उठेल.